कापूस म्हणताना जीभ दातांबाहेर येते. चौतिसाव्या वर्षी हा बोबडेपणा जाऊ शकतो का?

गिरणाकाठ

नमस्कार. माझे वय ३४ असून मी जळगाव जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात, वजनकाट्यावर कारकून आहे. लहानपणापासून माझा 'स' नीट उमटत नाही. जीभ पुढच्या दातांमधून किंचित बाहेर येते आणि 'स' म्हणायला गेलो की 'थ'च्या जवळचा, वारा सुटल्यासारखा आवाज निघतो. मोठा झाला की आपोआप जाईल, असे घरातले सगळे म्हणत असत. आजीने वेखंड मधात उगाळून कितीतरी दिवस जिभेला लावले. एका नातेवाइकांनी जिभेखालची तार कापून घ्यायला सांगितले, पण आईने ते होऊ दिले नाही. दहावी झाली, बारावी झाली, लग्न झाले, आणि 'स' जिथे होता तिथेच राहिला.

ज्यांना हा त्रास नाही त्यांच्या सहसा लक्षात येत नाही की आपल्या आकड्यांत 'स' किती ठिकाणी आहे: सहा, सात, सोळा, सतरा, वीस, तीस, चाळीस, पन्नास, साठ, सत्तर. आणि माझे कामच गाडीचे वजन मोठ्याने पुकारण्याचे आहे. 'सदतीस क्विंटल सहासष्ट किलो' असे मी पुकारले की समोरच्या शेतकऱ्याला दोनदा विचारावे लागते, आणि वजनाच्या बाबतीत दोनदा विचारावे लागले की त्याच्या मनात शंका उभी राहते, हे मला कळते. त्याचा वर्षभराचा कापूस त्या एका आकड्यात असतो. म्हणून गेल्या दोन हंगामांपासून मी पुकारणे सोडून चिठ्ठी पुढे करतो. काही जण माझा आकडा माझ्यासारखाच उच्चारून दाखवतात.

तरीही आज लिहायला बसलो तो माझ्या मुलीमुळे. ती पाच वर्षे दोन महिन्यांची आहे आणि साखरेला 'थाखर' म्हणते. माझे ऐकूनच ती तशी बोलायला लागली का, या विचाराने मला झोप लागत नाही. शिवाय आम्ही घरात अहिराणी बोलतो, आणि एका परिचितांचे म्हणणे असे की अहिराणीमुळेच मुलांचे 'स' आणि 'श' बिघडतात. माझ्या वयात हे सुधारू शकते का, मुलीसाठी आत्ताच काही करावे का, आणि जावे कोणाकडे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

तापीकन्या

गिरणाकाठ भाऊ, मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. माझे माहेर चोपडा तालुक्यातले असून गेली अकरा वर्षे मी नाशिकला काम करते. आधी लेकीविषयी लिहिते, कारण आपली झोप तिच्यामुळे उडाली आहे.

'स' म्हणताना जीभ दातांमध्ये येणे हे लहान मुलांमध्ये फार सामान्य आहे. साधारण साडेचार वर्षांपर्यंत तर ते वाढीचाच भाग मानले जाते, आणि त्यानंतरही पुष्कळ मुलांचे ते काही काळाने आपले आपण सुटते. सहाव्या-सातव्या वर्षी पुढचे दुधाचे दात पडतात तेव्हा चांगला 'स' असलेल्या मुलांचाही 'स' काही महिने पुन्हा फटीतून निसटतो. तेव्हा घाबरून जाऊ नये. बाप बोबडा म्हणून मूल बोबडे, असे सरळ गणित नाही. ती आपले बोलणे ऐकते तसेच आईचे, आजी-आजोबांचे आणि गल्लीतल्या मुलांचेही ऐकते, आणि मूल भोवतीच्या सगळ्यांच्या बोलण्यातून आपले उच्चार घडवते. उच्चारांच्या अडचणी काही घराण्यांत अधिक आढळतात हे खरे आहे, परंतु त्यावरून आपण मुलीला लवकर दाखवून आणावे एवढेच ठरते. आपण तिचे काही बिघडवले असे त्यातून निघत नाही. तिच्यासमोर बोलणे कमी करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. वडिलांनी गप्प राहण्याने मुलाच्या भाषेचे जे नुकसान होते ते एका 'स'पेक्षा कितीतरी मोठे असते.

तिच्या बाबतीत वाट न पाहता दाखवावे अशी एक खूण मात्र आहे. वारा जिभेच्या टोकावरून येण्याऐवजी गालांच्या बाजूने सुटत असेल आणि 'स' लाळ भरल्यासारखा, 'ल' मिसळल्यासारखा ऐकू येत असेल, तर तो प्रकार वाढीच्या कोणत्याही टप्प्यावर स्वाभाविक नसतो आणि आपोआप सुटेल या भरवशावर राहण्यासारखाही नसतो. दोन्ही प्रकारांना आपण मराठीत 'बोबडे'च म्हणतो, त्यामुळे घरच्यांना त्यांतला फरक कळत नाही. 'साखर'बरोबरच 'काका'चे 'ताता' होत असेल किंवा हाक मारल्यावर ती उशिरा वळत असेल, तरीही लगेच दाखवावे.

आता आपल्याविषयी. आपण वर्णन केले आहे तो दातांमधून जीभ येण्याचा प्रकार वाटतो, परंतु खात्रीसाठी घरी एक साधी गोष्ट करून पाहा. सरबताची नळी पुढच्या दातांच्या मधोमध धरून लांब 'स्‌' म्हणा. नंतर ती उजवीकडे आणि डावीकडे सरकवून तसेच म्हणा. नळीतला आवाज जिथे सर्वांत मोठा येईल तिथून वारा सुटत आहे असे समजावे. मधोमध मोठा आला तर वाऱ्याची वाट बरोबर आहे आणि फक्त जीभ पुढे येते आहे. हा प्रकार मोठ्या वयातही सुधारतो, आणि तुलनेने सोपा असतो.

हे इतकी वर्षे का टिकले, याचे उत्तर बहुतेकांच्या बाबतीत जिभेच्या रचनेत सापडत नाही. जीभ 'जड' नसते आणि आळशीही नसते. मुलाने तिसऱ्या-चौथ्या वर्षी 'स'ची एक जागा शोधलेली असते, ती जागा थोडी चुकलेली असते, आणि पुढे दिवसाला शेकडो वेळा तीच हालचाल होऊन ती हाताच्या अक्षरासारखी अंगवळणी पडते. तीस वर्षे ज्या वळणाने अक्षर काढले ते कोणी सांगितल्याने बदलत नाही, पण समोर बसून वळण पुन्हा गिरवले तर बदलते. वेखंड-मधाने जिभेची जागा बदलत नाही. जिभेखालची तार कापण्याचा सल्ला नाकारून आपल्या आईने योग्यच केले, कारण 'स'साठी जीभ फार वर उचलावी लागत नाही आणि केवळ 'स' बिघडला म्हणून ती कापण्याचे सहसा काही कारण नसते.

उपचाराआधी कानांची तपासणी अवश्य करून घ्या. 'स' हा आपल्या भाषेतला फार उंच पट्टीचा आवाज आहे. त्याची मुख्य शक्ती साधारणपणे ४००० ते ८००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात असते, आणि यंत्रांच्या सततच्या आवाजाने कान जाऊ लागतात तेव्हा पहिला फटका ४००० हर्ट्‌झच्या आसपास बसतो. आपला बोबडेपणा जिनिंगच्या आधीचा आहे, त्यामुळे त्याचे कारण ते नव्हे. परंतु स्वतःचा चुकलेला 'स' आणि बरोबर 'स' यांतला फरक ऐकू येणे हीच उपचाराची पहिली पायरी असल्याने, तो पट्टा शाबूत आहे की नाही हे कळायला हवे.

प्रत्यक्ष शिकवताना मी मराठी माणसाला 'पाच' या शब्दापासून सुरुवात करून देते, त्याचे कारण सांगते. इंग्रजी पुस्तकांत त्यांच्या 'ट'सारख्या व्यंजनावरून 'स'कडे न्यावे असे लिहिलेले असते, कारण त्यांचे ते व्यंजन दातांमागच्या हिरडीवर टेकते. आपला 'त' मात्र दातांनाच टेकतो. तिथून निघालो तर जीभ पुढेच राहते. आपल्याकडे 'पाच', 'चाक', 'चूल', 'चोर' यांतला 'च' हा 'चहा' आणि 'चिंच' यांतल्या 'च'पेक्षा वेगळा आहे, आणि त्याच्या पोटात 'स' दडलेला असतो. 'पाच' म्हणताना आपली जीभ आत राहत असेल तर शेवट लांबवा: 'पाच्‌‌स्‌स्‌'. त्या शेपटीत जो आवाज येतो तोच आपल्याला हवा असलेला 'स' आहे. 'पाच'मध्येही जीभ बाहेर येत असेल तर दुसरी वाट आहे: लांब 'ई' म्हणावी, जिभेच्या कडा वरच्या दाढांना टेकलेल्या जाणवतील, त्या तशाच ठेवून दात जवळ आणावेत आणि आवाज बंद करून फक्त वारा सोडावा. जिभेचे टोक वर ठेवावे की खालच्या दातांमागे, यावर वाद घालू नये. दोन्ही रीतींनी उत्तम 'स' येतो.

सुटा 'स' जमणे म्हणजे कामाची सुरुवात आहे. त्यानंतर 'सा, सी, सू', मग शब्द, मग वाक्य, मग वाचन आणि सर्वांत शेवटी बेसावध गप्पा असा क्रम असतो, आणि शेवटच्या टप्प्याला आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. रोज दहा-दहा मिनिटे दोनदा बसणे हे रविवारी दोन तास बसण्यापेक्षा निश्चित चांगले.

कुठे जावे, तर ज्यांच्याकडे जाल त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे निःसंकोच विचारा. मुलीसाठी जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वाचा-उपचारतज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात ते आधी विचारून मगच खेप करा. मुंबईला जाणे होत असेल तर वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे.

पांझराकाठ

मी धुळे जिल्ह्यात ३२ वर्षे प्राथमिक शिक्षक होतो आणि आता निवृत्त आहे. अहिराणीविषयीचा आपला प्रश्न वाचून राहवले नाही.

अहिराणीमुळे उच्चार बिघडतात, हे आपल्या परिचितांचे म्हणणे चूक आहे, आणि ही चूक मी स्वतः अनेक वर्षे केलेली असल्यामुळे हे मी ठामपणे लिहितो. आपल्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो. डोळ्याला आपण 'डोया' म्हणतो. 'ण'चा 'न' होतो, म्हणून पाण्याचे 'पानी' होते. कितीतरी गावांत 'श' आणि 'स' एकमेकांची जागा घेतात. 'आहे' या अर्थी एका गावात 'शे' म्हणतात तर दुसऱ्या गावात 'से'. हे सगळे नियमाने होते, पिढ्यानपिढ्या होते आणि गावातला प्रत्येक जण तसेच बोलतो. याला दोष म्हणता येत नाही, कारण ती भाषेची रीत आहे. जीभ दातांबाहेर येणे ही मात्र कोणत्याही गावाची रीत नाही.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. शाळेला तो 'साया' म्हणे. मी त्याला फळ्याजवळ उभा करून 'शाळा' हा शब्द पन्नास-पन्नास वेळा म्हणायला लावत असे, आणि आपण उच्चार शुद्ध करीत आहोत असे मला मनापासून वाटत असे. त्याची जीभ अगदी निरोगी होती. तो केवळ आईची भाषा बोलत होता. त्याच वर्गात एक मुलगी होती, जिचा 'स' गालातून, लाळेसह निघत असे. ती वाचायला उभी राहायची नाही. ती लाजाळू आहे असे समजून मी तिला कधी वाचायला सांगितलेही नाही. ज्याला काही शिकवण्याची गरज नव्हती त्याला मी छळले, आणि जिला मदत हवी होती तिला चार वर्षे तशीच पुढच्या वर्गात ढकलली. वर तापीकन्या ताईंनी गालातून सुटणाऱ्या वाऱ्याविषयी लिहिले आहे, ते वाचले तेव्हा मला तिचाच चेहरा आठवला.

म्हणून मुलीचा 'स' तपासताना 'शाळा', 'शेत' असे शब्द घेऊ नका. बोलीत आणि प्रमाण मराठीत दोन्हीकडे 'स'च आहे असे 'सासू', 'ऊस', 'कापूस' हे शब्द घ्या. आणि घरातली अहिराणी बंद करू नका.

तापीकन्या

पांझराकाठ गुरुजींनी लिहिले आहे ते आमच्या व्यवसायातही फार महत्त्वाचे आहे. घरात अहिराणी बोलतात हे तपासणीच्या आधीच सांगावे, म्हणजे बोलीची वैशिष्ट्ये चुकांच्या यादीत जात नाहीत. बाहेरगावाहून आलेल्या नव्या तज्ज्ञाला हे ठाऊक असेलच असे नाही.

भुसावळकर

मी दंतवैद्य आहे. दोनच गोष्टींची भर घालतो. दाढा मिटल्यावरही वरचे आणि खालचे पुढचे दात एकमेकांना भेटत नसतील, मध्ये मोकळी फट राहत असेल, तर जीभ त्या फटीत शिरते. अंगठा चोखण्याची सवय फार वर्षे टिकलेल्या मुलांमध्ये असे दिसते. अशा वेळी दातांचे आणि जिभेचे उपचार एकमेकांच्या सल्ल्याने करावेत, कारण केवळ तार बसवून दात जुळवले आणि जिभेची ढकलण्याची सवय तशीच राहिली तर दात पुन्हा सरकू शकतात. दातांचा 'स'शी किती निकटचा संबंध आहे हे नवी कवळी बसवलेल्या वृद्धांना चांगले ठाऊक असते. विन्स्टन चर्चिल यांचा 'स' आयुष्यभर बोबडा होता, आणि त्यांची ओळखीची वाणी बदलू नये म्हणून त्यांची कवळी मुद्दाम तशी बनवून घेतलेली होती.

दुसरी गोष्ट गिरणाकाठ यांना लागू नाही, परंतु इथे वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो. लहानपणापासूनचा बोबडेपणा वेगळा आणि चांगले बोलणाऱ्या माणसाचे बोलणे मोठेपणी बदलणे वेगळे. बोलणे अचानक अडखळू लागले, तोंड वाकडे झाले किंवा हातातले बळ गेले, तर तो पक्षाघात असू शकतो. त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. गुटखा-सुपारी खाणाऱ्यांचे तोंड हळूहळू कमी उघडू लागते, जीभ आखडते आणि उच्चार बिघडतात. तेव्हा उच्चारांच्या आधी तोंडाची तपासणी करावी, कारण ती अवस्था पुढे कर्करोगाकडे जाऊ शकते.

सातपुडा

दादा, मी शहाद्याजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. माझ्या नावाचे पहिलेच अक्षर 'स' आहे, आणि लग्न होऊन सासरी आले तेव्हा नाव विचारले की मी ते हळू आवाजात, खाली पाहून सांगत असे. उपचार सुरू केले तेव्हा मी २९ वर्षांची होते. आठवड्यातून एकदा एसटीने नंदुरबारला जात असे. एकंदर नऊ महिने लागले.

सुटा 'स' मला तिसऱ्या खेपेलाच जमला. त्या दिवशी परतीच्या एसटीत मी तोंडावर पदर धरून सारखी 'स्‌ स्‌' म्हणत होते. मला वाटले की आता झालेच. प्रत्यक्षात त्यानंतरचे आठ महिने तो 'स' बोलण्यात आणण्यात गेले. मध्ये तर असे झाले की जिथे 'थ' हवा तिथेही 'स' येऊ लागला आणि मी मुलांना 'थांब'ऐवजी 'सांब' म्हणू लागले. जीभ नवे वळण शिकते आहे म्हणून असे होते, असे मॅडमनी सांगितले आणि ते महिन्याभरात गेलेही. नव्या 'स'ने बोलताना मला फार दिवस खोटे वाटत होते, दुसऱ्याच कोणाच्या तोंडाने बोलल्यासारखे. यजमान म्हणाले, तू वेगळीच वाटतेस. मोबाइलवर आधीचे आणि नंतरचे बोलणे एकापाठोपाठ ऐकले तेव्हा मात्र मला कळले की कानाला चांगले ते कोणते.

मला उपयोगी पडलेली गोष्ट अशी की दिवसभर सगळीकडे नीट बोलण्याचा निश्चय मी केला नाही. तो दोन तासही टिकत नाही आणि मग निराशा येते. मी फक्त सकाळची हजेरी नव्या 'स'ने घ्यायची असे ठरवले. पंचवीस नावे, पाच मिनिटे. ते पक्के झाल्यावर पोषण आहार वाटतानाचे बोलणे, त्यानंतर मासिक बैठक. अजूनही ताप आला किंवा फार राग आला की जुना 'स' परत येतो. पण आता नाव विचारले की मी समोर पाहून सांगते.

गिरणाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. नळी लावून पाहिली. आवाज मधोमधच मोठा येतो. मुलीनेही हट्टाने नळी धरली आणि तिचाही मधोमधच आला. 'पाच' म्हणताना माझी जीभ आतच राहते, हे मला ३४ वर्षांत माहीत नव्हते. शेवट लांबवला तेव्हा जो आवाज आला तो ऐकून पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली. कानांच्या तपासणीची वेळ घेतली आहे, आणि मुलीसाठी जिल्हा रुग्णालयातही चौकशी केली आहे.

गुरुजी, आपण त्या दोन मुलांविषयी लिहिलेत ते मी घरात वाचून दाखवले. आम्ही मुलीशी अहिराणीतच बोलणार आहोत.

एक शेवटचा प्रश्न. कामावरचे एक जण म्हणाले की बोबडेपणासाठी दिव्यांग प्रमाणपत्र मिळते आणि ते काढून ठेवावे. हे खरे आहे का?

तापीकन्या

आपल्या बाबतीत ते मिळणार नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात वाचा व भाषा दिव्यांगत्व आहे, परंतु त्याच्या व्याख्येत शारीरिक किंवा मज्जासंस्थेच्या कारणाने आलेले कायमचे दिव्यांगत्व अपेक्षित आहे. उदाहरणार्थ, कर्करोगामुळे स्वरयंत्र काढावे लागलेल्यांचे किंवा पक्षाघातानंतर वाचा गेलेल्यांचे. आपला 'स' कायमचा गेलेला नाही, हे आपण कालच घरात ऐकले आहे.

उपचाराला जाताना काट्यावरच्या जुन्या चिठ्ठ्यांची एक गड्डी बरोबर न्या आणि सरावाचे शब्द त्यांवरच्या आकड्यांतून काढून द्यायला सांगा. 'सदतीस' आणि 'सहासष्ट' मात्र शेवटी ठेवा. त्या प्रत्येकात 'स' दोनदा येतो. सुरुवात 'पाच', 'पंचवीस' आणि 'तीस' यांनी करा, आणि हंगाम सुरू झाला की पहिले काही दिवस फक्त दिवसाच्या पहिल्या गाडीचे वजन पुकारा. बाकीच्या गाड्यांना चिठ्ठी दिली तरी चालेल.